खंबाटकी चढताना

2023 ची दिवाळी. आईला घेऊन तिच्या माहेरी, कराडला निघाले होते. शिरवळ मागे पडलं, पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाची चढण लागली, पुढे मालट्रकांची रांग. मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली आणि मागून आई म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल."

"ट्रक डिझेलचा असतो," आई म्हणाली. "हा पेट्रोलचा आहे. कच्च्या पेट्रोलचा."

मी काच खाली केली, थोडं वारं आत घेतलं. घाटमाथा आला, उतार लागला, सुरूरच्या पुढे गाडी सुसाट निघाली आणि आई पुन्हा काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर घाट लागत नाही, साताऱ्याकडून पुण्याला येताना बोगद्यातून यावं लागतं. येताना वास आला नाही, म्हणून मी तो विषय मिटला असं धरलं.

खरी गोष्ट अशी की मला घाटातही वास आला नव्हता. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविड झाला तेव्हा माझं नाक पार बंद पडलं. तीन आठवडे फोडणीचा, साबणाचा, पावसाचा, कशाचाच वास नाही. पुढे वास परत आले, पण सगळे नाहीत आणि काही तर भलतेच होऊन आले. कॉफीला जळक्या रबराचा वास, कांद्याला काहीतरी कुजल्याचा. वर्षभराने ते बरंचसं सुधारलं, पण बारीक वास माझ्या हातून निसटले ते निसटलेच. हे मी घरात कुणाला धड सांगितलं नव्हतं. दूध नासलंय का हे मी जिभेने बघायचे आणि आईला वाटायचं मी घाईत आहे. तेव्हा घाटात "ट्रकचा असेल" म्हणाले ते मला तसं वाटलं म्हणून नाही. "मला वास येत नाहीये" हे म्हणायचं टाळलं.

आईचं नाक मात्र रॉकेलवर तयार झालेलं आहे. तिच्या लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं वाड्यातल्या दोन खोल्यांत स्टोव्हवर गेली. रेशनचं रॉकेल, पत्र्याचा डबा, नरसाळं, बर्नरला पिन मारणं, पंप मारणं. हाताला लागलेलं रॉकेल किती धुतल्यावर जातं, कणकेला त्याचा वास कसा लागतो, हे तिला ठाऊक. त्या काळात स्टोव्हचा भडका ही वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी होती आणि त्यातल्या कितीतरी भडक्यांत स्टोव्हचा काही दोष नव्हता, हेही तिला ठाऊक. रॉकेल सांडलं तर पुसायला वेळ मिळायचा, असं ती सांगते. ते बरोबरच आहे. काडी धरताच पेट घेईल इतकी वाफ रॉकेलमधून निघायला ते निदान 35 अंश सेल्सियसपर्यंत तापावं लागतं, आणि त्याची पुरती वाफ व्हावी म्हणून स्टोव्ह आधी काकड्याने तापवायचे. पेट्रोल कशाची वाट बघत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघतच असते. पुण्यातल्या दुपारी तर विचारायलाच नको.

दुसरं म्हणजे ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते, खळग्यात साठते, जमिनीलगत सरकत जाते आणि दहा पावलांवर कुणी बिडी पेटवली तर तिथून ज्वाला उलटी पळत मूळ जागी येते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असलं की ठिणगीला भडका उडतो. नाकाला मात्र ती दहा लाखांत एका भागाहून कमी असतानाच कळते. म्हणजे आग लागण्याच्या कितीतरी आधी, हजारो पट आधी, नाक हाक मारतं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला जो कुजका भपकारा येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा. 18 मार्च 1937 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेखाली बिनवासाचा नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. गॅसला वास देण्याची सक्ती त्यानंतर आली. पेट्रोलला असं काही मिसळावं लागत नाही, त्याचा दर्प जन्मजात आहे. फक्त ज्याला तो येतोय त्याचं कुणीतरी ऐकलं पाहिजे.

डिसेंबरात आईला डोळे दाखवायला साताऱ्याला जायचं होतं. सकाळी टाकी फुल्ल केली आणि निघालो. खंबाटकीच्या त्याच चढावर, जवळपास त्याच वळणावर, आई म्हणाली, "आला बघ." या वेळी तिने पदर नाकाला लावला होता. डोकं दुखायला लागलंय म्हणाली. मी घाट संपताच गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि खाली उतरून वाकून बघितलं. डांबरावर एक थेंब नव्हता.

पुण्यात आल्यावर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. काचेची दारं, टोकन, चहा. त्यांनी संगणक जोडला, कुठलाच दोष नोंदलेला नाही असं सांगितलं, एसीचा फिल्टर बदलला, आतून फवारा मारला आणि डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची एक डबी चिकटवून दिली. 2005 ची गाडी ती. वाफ गळतेय हे ओळखणारं काही तिच्यात मुळातच नाही, मग संगणकावर ते दिसणार कुठून? इंजिनाचं काय बिघडलंय एवढंच तो सांगू शकतो. त्या मुलाला मी म्हटलं, वास घाटात येतो. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली, काही नाही." टेस्ट ड्राइव्ह कुठे घेतली, तर सपाट रस्त्यावर आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेलेली असताना. ती लिंबाची डबी मी घरी येताच उपटून टाकली. पेट्रोलच्या वासावर सुवास लावणं म्हणजे झोपलेल्या घरात रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवणं. मी अजूनही कुणाच्या गाडीत असा घमघमाट आला की आधी विचारते, खाली काय लपलंय?

मग पद्मावतीजवळच्या चाचांकडे गेले. पत्र्याची शेड, बाहेर दोन गाड्या, आत एक. चाचा सत्तरीला टेकलेले, पोरवयापासून याच कामात. मी आईला बरोबर नेलं होतं, कारण वासाचं मी काय सांगणार? चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग आईकडे वळले.

"मावशी, तुम्ही सांगा. वास कच्चा की जळका?"

मला हा प्रश्न फार आवडला. जळका म्हणजे धुराड्यातला. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, अर्धवट जळतंय, डोळ्यांना चुरचुर लागते, प्लग काळे पडतात. कच्चा म्हणजे पंपावर उभं असताना येतो तो, थंड आणि गोडसर. कच्चा असेल तर पेट्रोल इंजिनाच्या वाटेवर कुठेतरी बाहेर पडतंय.

"कच्चा," आई म्हणाली.

"गाडी सुरू करताना सकाळी येतो?"

"नाही."

सकाळच्या थंडीत येत असता तर चाचांनी आधी बॉनेट उघडलं असतं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओरिंगा, म्हणजे रबराच्या कड्या, जुन्या झाल्या की थंडीत आकसतात, दोन थेंब गळतात आणि इंजिन तापलं की फुगून पुन्हा बसतात, मग दिवसभर काही सापडत नाही. तरी त्यांनी बॉनेट उघडलंच. ऑइलची पट्टी काढून हुंगली, कारण इंजेक्टर आतल्या आत गळत असला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवरून, रेलवरून, बोट फिरवून बोट हुंगलं. पुढे काही नव्हतं.

"टाकी भरलेली असताना येतो की कमी असतानाही?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आठवून सांगितलं, दोन्ही वेळा निघताना टाकी फुल्ल केली होती.

"आणि मावशी, तुम्ही बसता कुठे?"

"मागे. डावीकडे." गुडघे पसरायला जागा मिळते म्हणून आई नेहमी तिथेच बसते.

चाचा उठले आणि गाडीच्या डाव्या बाजूला गेले. पेट्रोलचं झाकण डावीकडे आहे. मागच्या डाव्या सीटच्या मागे, चाकाच्या वरच्या पोकळीतून भरण्याची नळी खाली टाकीत जाते. ज्या जागी आई बसते तिथून ती हातभरसुद्धा लांब नसेल. मी पुढे उजवीकडे, स्टिअरिंगमागे. नाक शाबूत असतं तरी मला तो वास तिच्या आधी आला नसता. आणि रोज त्या गाडीत बसणाऱ्याला एक वेळ अशी येते की वास असूनही कळत नाही, नाक काही मिनिटांत त्याला सरावतं. पंपावर काम करणाऱ्यांना विचारा.

चाचांनी आधी मागची सीट उचलली. खाली एक गोल पत्र्याचं झाकण असतं, चार स्क्रूंचं, त्याखाली टाकीतल्या पंपाचं तोंड. मला वाटलं आता सापडणार. चाचांनी टॉर्च लावून बघितलं आणि म्हणाले, "इथली धूळ कोरडी आहे, ताई. इथून गळत असतं तर धूळ काळी, चिकट झाली असती." पण वायरी जिथून वर येतात तिथलं रबर आकसून कडेने सुटलं होतं, करंगळी जाईल एवढी फट. "गळतंय दुसरीकडे. आत येतंय इथून."

मग त्यांनी जे केलं ते मी आधी कुठे बघितलं नव्हतं. मला म्हणाले, जा, टाकी फुल्ल करून आणा. मी आणली. त्यांनी गाडी शेडबाहेर उघड्यावर घेतली. शेडमध्ये खाली उतरून काम करायचा खड्डा आहे, पण पेट्रोलच्या कामाला ते खड्ड्यात उतरत नाहीत. वाफ खड्ड्यातच साठते. भिंतीवरच्या चौकटीपुढे लावलेली उदबत्ती त्यांनी स्वतः विझवली. पोराला मोबाइल आत ठेवायला सांगितला, बॅटरीची मायनस वायर काढली, कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवली. पाणी नाही, वाळू, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर आग पसरवतं. मग जॅक लावून गाडीची पुढची दोन्ही चाकं उचलली, खाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, दिल्या, मागच्या चाकांना दगड लावले. गाडी नाक वर करून उभी राहिली.

"घ्या," चाचा म्हणाले, "घाट आणला."

आई एवढी हसली की मोरीजवळ पाना धुणारा पोरगा वळून बघायला लागला.

गाडी चढणीला लागली की टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं. टाकी पाऊण असेल तर ते नळीच्या जोडापर्यंत पोचत नाही. काठोकाठ असेल तर जोड बुडतो. सपाटीला वेगात असताना जी काय थोडी वाफ निघते ती वारा घेऊन जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर, ट्रकामागे रखडत जाताना वारा नसतो. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय. खंबाटकीवर हे सगळं एकाच वेळी जुळून यायचं. परतीला टाकी निम्म्यावर आलेली आणि वाटेत बोगदा, म्हणून तेव्हा काही नाही.

चाचांनी वर्तमानपत्राच्या घड्या नळीखाली अंथरल्या, वर खडूची भुकटी टाकली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. वीस मिनिटांनी आलो तेव्हा पांढऱ्या भुकटीत रुपयाएवढा एक ओला डाग होता. थेंब पडून लगेच उडून जात होता, म्हणून रस्त्यावर कधी काही दिसलं नाही. चाचांनी नळीच्या मागच्या अंगाला, जी बाजू डोळ्यांना दिसतच नाही तिथे, बोट फिरवलं. बोट ओलं. रबराची जाड नळी, क्लिपेच्या कडेला तडकलेली. क्लिपही गंजून नळीत रुतली होती. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं, भेग लागते का बघा म्हणाले. लागली. थंड लागली.

पेट्रोल आधी हातपंपाने लोखंडी कॅनमध्ये काढलं. चाचांचे उस्ताद तोंडाने ओढायचे, तेही पोरवयात तसंच करायचे. त्यांच्याबरोबरच्या एकाच्या छातीत ते गेलं आणि तो महिनाभर दवाखान्यात होता. तेव्हापासून त्यांच्या गॅरेजात तोंडाला नळी लावायची नाही.

नळी काढल्यावर त्यांनी उभी चिरून दाखवली. बाहेरून वाळक्या शेंगेसारखी कडक, आतून मऊ, फुगलेली. "इथेनॉल," ते म्हणाले. त्यांचं हे ठाम मत आहे. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 2022 साली दहा टक्क्यांवर गेलं, वीस टक्क्यांचं उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणलं गेलं. जुन्या गाड्यांमधलं काही रबर इथेनॉलने फुगतं, कोरडं पडलं की तडकतं, हे खरं आहे. माझ्या नळीचं नेमकं कशाने झालं, हे सांगायला मात्र तिचं वयच पुरे आहे. अठरा वर्षं ती त्या पोकळीत चिखल, ऊन आणि पावसाळा खात होती. तिला दोष द्यायला माझं मन होत नाही, आणि सरसकट इथेनॉलला द्यायलाही नाही. ऊस पिकवणाऱ्या घरातली लेक माझी आई, इथेनॉल उसाच्या मळीपासून होतं आणि त्या पैशावर कराडकडची किती घरं चालतात हे आम्हाला माहीत आहे. पण ज्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या आहेत त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं की बाबांनो, आता नळ्या बघा, ओरिंगा बघा, नवीन पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पंपावर एवढे फलक असतात, त्यात हा एक मावला असता.

नळी आणायला मी नाना पेठेत गेले. दुकानदाराने दोन नळ्या पुढे ठेवल्या, सारख्याच काळ्या, सारख्याच जाड. एक रेडिएटरची, एक पेट्रोलची. पहिली निम्म्या किमतीत. चाचांनी आधीच बजावलं होतं म्हणून वाचले. रेडिएटरची नळी गरम पाण्यात वर्षानुवर्षं टिकते, पेट्रोलमध्ये टाकली तर फुगून लोळागोळा होते. पेट्रोलच्या नळीवर तसं छापलेलं असतं, ते वाचून घेतलं. 780 रुपये, नव्या दोन क्लिपा 60 रुपये. सीटखालच्या झाकणाचं रबर मात्र मिळायला चार दिवस लागले. तोवर चाचांनी गाडी दिली नाही. नळी बदलली तरी ती फट उघडी ठेवून गाडी द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मी घाई केली, ते ऐकेनात. मला आता वाटतं, अशा माणसांमुळे आपण जिवंत असतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

जाताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. पंपावर नॉझल खट्ट करून थांबलं की तिथेच थांबायचं. मी त्यानंतर "राउंड फिगर करा" म्हणायचे, सुट्ट्या पैशांचा घोळ नको म्हणून, आणि तो मुलगा अजून दाबून दाबून भरायचा. ते वरचं पेट्रोल त्या नळीतच उभं राहायचं. शिवाय टाकीची वाफ शोषून धरायला कोळशाचा एक डबा असतो, त्यात वाफेऐवजी पातळ पेट्रोल शिरलं की तो कामातून जातो. साठ-सत्तर रुपयांचं पेट्रोल मी दर वेळी असं गाडीच्या गळ्याशी आणून ठेवत होते.

त्या चार दिवसांत एका संध्याकाळी मी आईला माझ्या नाकाचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "मला वाटलंच. तू डाळ करपल्यावर उठत नाहीस." अडीच वर्षं ती तव्याजवळ स्वतः उभी राहत होती, मला न सांगता. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझं लपवणं सांभाळत होती. मग तिने कोथिंबिरीची एक काडी चुरगळून माझ्या नाकापुढे धरली. आता रोज करू म्हणाली. लवंग, कोथिंबीर, लिंबाची साल, आलं. डॉक्टरही नाकाला असाच सराव द्यायला सांगतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला पुन्हा कराडला निघालो. टाकी फुल्ल केली, खट्ट झालं तिथे थांबवली. खंबाटकी लागली तशी मी काचा बंद केल्या, एसी आतल्या हवेवर ठेवला, मुद्दामच. ट्रकामागे दुसऱ्या गिअरवर चढत राहिलो. आरशात आईकडे बघत होते. तिने डोळे मिटले होते, चेहरा थोडा वर, देवळात आरतीला उभी राहते तशी. शेवटचं वळण गेलं.

"काही नाही," ती म्हणाली.

पुढे साताऱ्यानंतर तिने काच उघडली. हंगाम जोरात होता, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. उंब्रज ओलांडलं तेव्हा तिने माझ्या खांद्याला हात लावला.

"मळीचा वास. येतोय का तुला?"

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"थोडा," मी म्हटलं. "आंबूस."

"आंबूसच असतो तो," आई म्हणाली, आणि काच अजून थोडी खाली केली.